प्रयोगशाळेतील पदवी : जैववैद्यक शिक्षणाचा परिचय

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर वसलेले मीरा-भाईंदर हे पूर्वी मिठागरांचे, भातखाचरांचे आणि उत्तन-डोंगरीसारख्या कोळी व ईस्ट इंडियन वस्त्यांचे क्षेत्र म्हणून ओळखले जाई. येथील ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक भरली. वस्ती वाढली तसे दवाखाने वाढले आणि दवाखान्यांच्या मागोमाग रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळाही आल्या. पावसाळ्यात ताप आला की डॉक्टर नाडी पाहतात आणि लगेच तपासणीची चिठ्ठी लिहून देतात, हा आता प्रत्येक कुटुंबाच्या अनुभवाचा भाग झाला आहे.

त्या चिठ्ठीवर पुढे काम करणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. सुई टोचून रक्त घेणारी, नळीवर नाव लिहिणारी, काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी आणि यंत्राने दिलेला आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे ठरविणारी ही माणसे कोणते शिक्षण घेऊन तेथे येतात, याची माहिती सर्वसामान्य पालकांस नसते. शिक्षकांना व लोकप्रतिनिधींनाही ती पुरेशी असतेच असे नाही. बारावी विज्ञान शाखेत उत्तीर्ण झालेला, परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत नाव न लागलेला विद्यार्थी दर वर्षी जून-जुलै महिन्यांत सल्ला विचारीत फिरतो. त्याला कोणीतरी ‘बायोमेडिकल’ हा शब्द सांगतो. या एकाच शब्दाखाली निदान चार निरनिराळ्या वाटा दडलेल्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर तीन-चार वर्षे व घरची पुंजी दोन्ही चुकीच्या ठिकाणी खर्ची पडतात.

एक शब्द, चार वाटा

पहिली वाट वैद्यकीय पदवीची. साडेचार वर्षांचा अभ्यास व त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करणाऱ्यासच रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार मिळतो. दुसरी वाट प्रयोगशाळा-तंत्रज्ञाची. तीत पदविका आहे, तसेच नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ‘बी.पी.एम.टी.’ ही पदवीही आहे. या पदवीत तीन वर्षे शिक्षण व एक वर्ष आंतरवासिता असून तिचा भर रुग्णालयातील प्रत्यक्ष कामावर असतो. तिसरी वाट विज्ञान शाखेच्या पदवीची. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जीवविज्ञान हे विषय घेऊन बी.एस्सी. होता येते. चौथी वाट जैववैद्यक अभियांत्रिकीची. ती मुख्यतः रुग्णालयातील यंत्रांची रचना व देखभाल यांच्याशी संबंधित असून तिला बारावीत गणित लागते.

‘जैववैद्यक शास्त्र’ याच नावाची विज्ञान पदवी दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत शिकविली जाते. ब्रिटनमध्ये तर ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे बिरुद कायद्याने संरक्षित असून नोंदणी झाल्याखेरीज ते कोणासही लावता येत नाही. मुंबई परिसरातील विद्यार्थी या शास्त्राकडे बहुधा वर सांगितलेल्या तिसऱ्या वाटेने, शेजारच्या विषयांतून पोहोचतो. त्यात कमीपणा काही नाही. मात्र नावापेक्षा अभ्यासक्रम वाचून निवड करणे त्यामुळे अधिक आवश्यक ठरते.

येथे एक गोष्ट पालकांना स्पष्ट शब्दांत सांगावयास हवी. विज्ञानाची ही पदवी घेतलेला तरुण डॉक्टर होत नाही. त्याला औषध लिहून देता येत नाही आणि रोगनिदानाच्या अहवालावर एकट्याच्या सहीने शिक्कामोर्तबही करता येत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाची सही असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. काही खासगी शिकवण्या व संस्था आपल्या जाहिरातींत ‘स्वतःची लॅब उघडा’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. या अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग हा निर्णय सांगतो.

संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने या क्षेत्राला प्रथमच देशव्यापी चौकट दिली. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण या कायद्याने अपेक्षिले आहे. प्रयोगशाळा व जीवविज्ञानाशी संबंधित व्यवसायांचा त्यात स्वतंत्र गट आहे. पदवीचे नाव कितीही आकर्षक असले, तरी ती या चौकटीत बसते काय, हा प्रश्न यापुढे विचारावाच लागेल.

पिपेट, नळी आणि नोंदवही

पदवीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याची अपेक्षा मोठी असते. कर्करोग, विषाणू, जनुके असे शब्द त्याने ऐकलेले असतात. प्रत्यक्षात त्याच्या हाती येते पिपेट, आणि ठरलेल्या मापाचे पाणी दहा वेळा काढून दहाही वेळा त्याचे वजन सारखे येते का, हे पाहण्यास सांगितले जाते. पुष्कळांचा येथेच हिरमोड होतो. परंतु हाताची अचूकता व तिच्यातील चूक मोजण्याची सवय हाच या शास्त्राचा पाया होय.

त्यानंतर नळ्यांची ओळख होते. रक्तपेशी मोजावयाच्या असतील तर ई.डी.टी.ए. हा क्षार असलेली जांभळ्या टोपणाची नळी, रक्त गोठण्याचा वेळ पाहावयाचा असेल तर सोडियम सायट्रेटची निळी, आणि साखर मोजावयाची असेल तर फ्लोराइडची राखी. फ्लोराइड कशासाठी? शरीराबाहेर काढलेल्या रक्तातही पेशी जिवंत असतात व साखर खात राहतात. भाईंदरला घेतलेला नमुना तपासणीसाठी दूरच्या केंद्रात जाईपर्यंत दोन-तीन तास गेले, तर मधल्या काळात साखर उतरते आणि मधुमेही माणूस कागदावर निरोगी ठरतो. ही चूक यंत्राच्या लक्षात येत नाही. ती टोपणाच्या रंगाकडे पाहणाऱ्या माणसाच्याच लक्षात येऊ शकते.

तपासणीची वेळ हाही अभ्यासाचा मोठा विषय आहे. डेंगीच्या तापात पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे ‘एन.एस.१’ हे प्रथिन रक्तात सापडते. शरीराने तयार केलेली ‘आय.जी.एम.’ प्रतिपिंडे साधारणपणे पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी प्रतिपिंडांची किंवा आठव्या दिवशी प्रथिनाची तपासणी केली, तर डेंगी असूनही अहवाल ‘नाही’ असा येण्याचा संभव असतो. हिवतापाच्या काचपट्टीचेही तसेच. जाड थेंबाची किमान शंभर क्षेत्रे पाहिल्यावाचून ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहू नये, हा दंडक आहे. संध्याकाळी पन्नासावी पट्टी पाहताना तो पाळणे हे विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाचे काम असते.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी शरीरक्रियाविज्ञान, आनुवंशिकी, प्रतिरक्षाशास्त्र, रक्तविज्ञान आणि जैवसंख्याशास्त्र हे विषय येतात. यांपैकी शेवटच्या विषयात मुले सर्वांत जास्त अडखळतात, कारण बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांची संख्या मोठी असते. विज्ञान शिक्षकांनी हे आधीच ध्यानी घेतलेले बरे.

मुंबईच्या नावाचा रक्तगट

या शिक्षणाचे स्वरूप एका धड्यावरून चांगले समजते. हा धडा परदेशी पुस्तकांतही शिकविला जातो, पण त्याचे नाव मुंबईचे आहे.

डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे मुंबईतील सहकारी यांनी लंडनमधील तज्ज्ञांच्या साहाय्याने १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला. मुंबईत काही व्यक्तींचे रक्त असे आढळले होते की नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ गटाचे वाटे, परंतु ‘ओ’ गटाच्या कोणत्याही दात्याचे रक्त त्याच्याशी जुळत नसे. पुढे या गटास ‘बाँबे रक्तगट’ हे नाव पडले आणि जगभर तेच रूढ झाले.

याचे कारण असे. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. साखळीच्या टोकास फ्युकोज ही शर्करा जोडली गेली की ‘एच’ हे प्रतिजन तयार होते. ‘ए’ गटाच्या माणसात या ‘एच’वर आणखी एक शर्करा बसते, ‘बी’ गटात दुसरी बसते, ‘एबी’ गटात दोन्ही प्रकार असतात आणि ‘ओ’ गटात ‘एच’ तसेच उघडे राहते. घराचे जोते, आणि त्यावर एक किंवा दुसऱ्या प्रकारची भिंत, असा हा संबंध आहे. बाँबे गटाच्या व्यक्तीत फ्युकोज जोडणारे जनुकच निकामी असते. जोतेच नसल्यामुळे ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक आईबापांकडून आलेले असूनही त्याची भिंत उभी राहत नाही. या व्यक्तीच्या शरीराला ‘एच’ परके असते; म्हणून तिच्या रक्तात ‘एच’विरुद्ध प्रभावी प्रतिपिंडे आढळतात. तिला ‘ओ’ रक्त दिले तर त्या ‘एच’ने भरलेल्या पेशी शरीरात फुटू लागतात आणि प्राणावर बेतते.

हे ओळखावयाचे कसे? रक्तगट काढण्याची घाईची पद्धत म्हणजे काचपट्टीवर रुग्णाच्या पेशींत ‘ए’विरोधी व ‘बी’विरोधी द्रव मिसळणे. दोन्हींत गुठळी झाली नाही की ‘ओ’ असे लिहिले जाते. बाँबे गटही येथे ‘ओ’सारखाच दिसतो. म्हणून विद्यार्थ्याला उलट तपासणी शिकवितात. रुग्णाचा रक्तरस, ज्याला प्रयोगशाळेत सीरम म्हणतात, तो वेगळा काढून माहीत असलेल्या ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’ पेशींशी मिसळावयाचा. खऱ्या ‘ओ’ माणसाच्या रक्तरसाने ‘ए’ व ‘बी’ पेशींच्या गुठळ्या होतात, ‘ओ’ पेशी मोकळ्या राहतात. बाँबे गटाच्या रक्तरसात तिन्ही नळ्यांत गुठळ्या दिसतात. मग ‘एच’विरोधी द्रव वापरून खात्री करून घेतात. तिसरी नळी लावण्यास काही मिनिटे जास्त लागतात, एवढाच खर्च.

भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एका व्यक्तीत असावा असे सामान्यतः मानले जाते. युरोपात तो अतिशय विरळ आहे. हे प्रमाण तसेच लावले तर आठ लाखांच्या शहरात अशी ऐंशी माणसे निघतील, आणि त्यांपैकी बहुतेकांना आपला गट ‘ओ’च आहे असे वाटत असेल.

याच आकड्यावरून आनुवंशिकीचा वर्ग सुरू होतो. निकामी जनुक आई व बाप दोघांकडून आले तरच हा गट प्रकट होतो. दहा हजारांत एक म्हणजे जनुकाचे प्रमाण शंभरात एक. म्हणजे स्वतः निरोगी असून एक निकामी जनुक बाळगणारी माणसे सुमारे पन्नासांत एक. आता विवाह आतेभाऊ-मामेबहिणीचा असेल, जी प्रथा महाराष्ट्रातील अनेक समाजांत परिचित आहे, तर दोघांना एकाच आजी-आजोबांकडून तेच जनुक मिळण्याचा संभव वाढतो. गणित करून पाहिल्यास संततीत हा गट येण्याची शक्यता सुमारे सातपट होते. फळ्यावरची ही चार ओळींची आकडेमोड विद्यार्थ्याला नातेसंबंध आणि रोग यांचा संबंध एकदाच व कायमचा समजावून देते. थॅलसेमिया व सिकलसेल या आजारांनाही हाच हिशेब लागू पडतो.

आणखी एक परिणाम आहे आणि तो प्रयोगशाळेबाहेरचा आहे. ‘ओ’ अशी नोंद असलेल्या आईचे मूल ‘एबी’ निघाले तर पुस्तकी नियमाने ते अशक्य. आई बाँबे गटाची असेल, तर मात्र तिच्यात दडलेले ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक मुलात उमटू शकते. अर्धवट तपासणीच्या कागदावरून एखाद्या घरात स्त्रीवर नाहक संशय येऊ शकतो, याची जाणीव ज्या विद्यार्थ्याला वर्गात मिळाली, तो तिसरी नळी लावण्याचा कंटाळा करणार नाही.

बाँबे गटाच्या व्यक्तीला त्याच गटाचेच रक्त चालते. रक्ताची पिशवी नेहमीच्या पद्धतीने पाच-सहा आठवडेच टिकते, त्यामुळे अशा दात्यांची नावे आधीपासून नोंदविलेली असणे हाच उपाय. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या मंडळांनी व नगरसेवकांनी रक्तपेढीकडे दात्यांच्या उलट तपासणीविषयी जरूर विचारणा करावी.

परळच्या वास्तूत

मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्याला या शास्त्राचा इतिहास पाहावयाचा असेल तर चर्चगेटच्या गाडीने प्रभादेवीला उतरून पूल ओलांडला की परळ. भाईंदर ते चर्चगेट हे अंतर सुमारे ४३ किलोमीटर. परळ त्याच्या अलीकडेच येते. याच भागात १९२६ मध्ये सुरू झालेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय आहे, त्याच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून आरंभ झालेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, १९४१ मध्ये उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय आहे आणि हाफकिन संस्था आहे.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने वाल्देमार हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते.

या कीर्तीपेक्षा विद्यार्थ्याला अधिक शिकविणारा प्रसंग १९०२ चा आहे. पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे पुराव्यांची छाननी झाली तेव्हा असे दिसले की बाटली उघडताना वापरावयाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. जंतू मुंबईतच शिरले असते तर इतक्या दिवसांत ती आलीच असती. १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. ती नोंद कोणी केली नसती तर? प्रयोगवहीत ‘वास नाही’ असे क्षुल्लक वाटणारे निरीक्षणही का लिहावयाचे, याचे याहून चांगले उत्तर शिक्षकास सापडणार नाही.

मुलींच्या संदर्भात कमला सोहोनी यांचे नाव घ्यावयास हवे. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या व पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकविले. नीरेतील पोषक द्रव्यांवरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. आज विज्ञान शाखेच्या वर्गांत मुली सहज दिसतात, म्हणून ती अट विसरली जाऊ नये.

प्रवेशापूर्वी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स अथवा संशोधनासह पदवी मिळविता येते. पुढे संशोधन किंवा परदेशी शिक्षण मनात असेल तर चौथे वर्ष उपयोगी. लवकर नोकरी हवी असेल तर तंत्रज्ञ पदवीची वाट, आंतरवासितेसह, बहुधा सरळ पडते. या बाबतीत शेजाऱ्याच्या मुलाचे उदाहरण उपयोगाचे नाही.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा काही साध्या गोष्टी पाहाव्या. प्रात्यक्षिकात एका सूक्ष्मदर्शकामागे किती विद्यार्थी असतात? एखाद्या रुग्णालयाशी किंवा रक्तपेढीशी प्रशिक्षणाचा लेखी करार आहे काय? पदवी देणारे विद्यापीठ कोणते, आणि त्याच्या संकेतस्थळावर या अभ्यासक्रमास संलग्नता दाखविली आहे काय? शेवटच्या प्रश्नाला कार्यालयात टाळाटाळ झाली तर शुल्क भरण्याची घाई करू नये. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी पहिले सत्र जड जाते, कारण प्रात्यक्षिकाच्या सूचना इंग्रजीत असतात. दहावी-बारावीच्या शिक्षकांनी मराठी संज्ञेबरोबरच प्रयोगशाळेत चालणारा शब्दही सांगत गेल्यास ही अडचण पुष्कळ कमी होईल.

दररोज तासाभराचा प्रवास जाताना व तेवढाच येताना, त्यात दुपारी उशिरापर्यंत चालणारी प्रात्यक्षिके, हे वेळापत्रक शहरातील अनेक घरांना परवडत नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत येथेच निर्णय फिरतो. त्यासाठी खर्चाचे ओझे तरी हलके करण्याची सोय माहीत असावी. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. निवडलेला अभ्यासक्रम या सवलतीत बसतो की नाही, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. त्यास लागणारे उत्पन्नाचे प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून येते. निकालानंतर सेवा केंद्रांवर रांगा लागतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांतच अर्ज करून ठेवणे सोयीचे.